पैदाशीचा घोडा आणि औषधांची मुदत

येवल्याच्या घोडेबाजारात दसऱ्याच्या सुमारास जो गिऱ्हाईक घोडा पाहावयास येतो, तो प्रथम जनावराचा जबडा उघडून दात पाहतो, मग खूर उचलून निरखतो, गळ्याशी देवमण आहे की नाही याची खातरजमा करतो, अंगावरील भोवऱ्यांची शुभाशुभ गणना करतो आणि शेवटी दोन फेऱ्या मारवून घेऊन चाल पारखतो. परंतु गेल्या तीन महिन्यांत ह्या घोड्याच्या अंगात कोणते औषध गेले, किती गेले आणि कोणत्या दिवशी गेले, हा प्रश्न तो सहसा विचारीत नाही, आणि विचारलाच तर त्याचे उत्तर देण्याजोगा कागद विकणाऱ्यापाशी बहुधा नसतो. घोडा वरातीसाठी किंवा टांग्यासाठी हवा असेल, तर ह्या अज्ञानाने फारसे बिघडत नाही. पण तो पैदाशीसाठी घेतला जात असेल, तर दात, खूर, देवमण आणि चाल यथास्थित असूनही पुढला सगळा हंगाम फुकट जाण्याचा संभव त्या एका न विचारलेल्या प्रश्नात दडलेला असतो. प्रस्तुत ग्रंथ त्या प्रश्नासंबंधी आहे.

पशुवैद्यकीय औषधांचा नर घोड्याच्या प्रजननावर होणारा परिणाम, असा विषय सांगितला की ऐकणारा, ही एखाद्या पाठ्यपुस्तकाच्या अखेरच्या प्रकरणातील चार पाने असावीत, अशा समजुतीने मान हलवितो. वस्तुतः ह्या विषयाची हद्द आखावयास बसले म्हणजे औषधशास्त्र, संप्रेरकशास्त्र, वीर्यपरीक्षा, जनावराचे मनोव्यापार, शर्यतीच्या मैदानावरील कायदा आणि घोडेबाजारातील लबाडी अशा, परस्परांशी फारशी बोलचाल नसलेल्या, मुलुखांतून तिची रेषा जाते. आणि ह्याच कारणाने तो अखंड असा कोणाच्याच ताब्यात नाही. वैद्याला रोग दिसतो, चाबुकस्वाराला स्वभाव दिसतो, प्रयोगशाळेत बसलेल्याला काचेखालील शुक्रजंतू दिसतो, आणि मालकाला घोडी गाभण राहिली की नाही एवढेच दिसते.

ह्या सर्वांच्या दृष्टीतून निसटणारी गोष्ट म्हणजे काळ. घोड्याच्या वृषणातील मूळ पेशीपासून शुक्रजंतू घडण्यास सुमारे ५७ दिवस लागतात; बैलाच्या बाबतीत हा काळ ६१ दिवसांच्या आसपास, तर डुकराच्या बाबतीत ४० दिवसांच्याही आत आहे. घडलेला शुक्रजंतू तत्काळ कामास येत नाही. अधिवृषणाच्या लांबलचक वेटोळ्यांतून जात असता त्याला गती आणि फलनाची पात्रता प्राप्त होते, आणि त्या प्रवासात आणखी आठवडा-दीड आठवडा जातो. म्हणजे आज ज्या वीर्याने घोडी भरवली, त्याच्या घडणीस प्रारंभ दोन महिन्यांपूर्वी झालेला असतो, आणि आज टोचलेल्या औषधाने त्या प्रारंभालाच धक्का लावला असेल, तर तो उघडकीस येण्यास आणखी दोन महिने जावे लागतात. असे औषध ही मुदती हुंडी आहे: सही आज होते, वटते ती दोन महिन्यांनी, आणि वटते तेव्हा सही कोणी केली याची आठवण पेढीवर कोणास राहिलेली नसते. मधल्या काळात वैद्य बदललेला असतो, मोतद्दार गावी गेलेला असतो, कधी कधी तर घोड्याचा धनीही बदललेला असतो. मग दोष चाऱ्यावर, हवेवर, घोडीवर, आणि कोठेच बसेना तर दृष्टीवर ठेवला जातो. माझ्या मते ह्या विषयातील निम्मे अज्ञान हे शास्त्राचे अज्ञान नसून दप्तराचे अज्ञान आहे, आणि ह्या संग्रहातील लेखांची निवड करताना हेच मत मी प्रमाण मानले आहे.

महाराष्ट्रात घोड्याच्या दप्तराची परंपरा नव्हती असे मात्र कोणी म्हणू नये. १६७३ साली शिवाजी महाराजांनी चिपळुणाजवळच्या छावणीतील जुमलेदार-हवालदारांस पाठविलेले पत्र इतिहासाच्या वाचकांस ठाऊक आहे. साठविलेला दाणा आणि वैरण मनाला येईल तशी आताच उधळली, तर ऐन पावसाळ्यात घोडी उपाशी मरतील आणि त्याचा दोष तुमच्या माथी येईल, असा त्या पत्राचा आशय. आजच्या कृत्याचा परिणाम दोन-तीन महिन्यांनी कोठे उमटेल याचा इतका काटेकोर विचार पागेच्या कारभारात त्या काळी होत होता. पागेतील बारगीर आणि स्वतःचा घोडा बाळगणारा शिलेदार हा भेदही मुळात घोडा कोणाच्या जमाखर्चात मांडावयाचा, ह्यावरूनच पडलेला. नाशिक जिल्ह्यापुरते पाहावयाचे, तर चांदवडास होळकरांचा रंगमहाल आणि विंचुरास विंचूरकरांचा वाडा आजही उभा आहे. ही दोन्ही घराणी घोड्याच्या पाठीवरून वैभवास चढली. पुढे कंपनी सरकारच्या अमदानीत शिरूर तालुक्यात भीमेच्या काठी घोड्यांच्या पैदाशीचा सरकारी कारखाना काही वर्षे चालला. आलेगाव पागा ह्या गावाच्या नावात तो घोड्यांचा वास टिकून आहे.

वैद्यकाची परंपरा ह्याहून प्राचीन. शालिहोत्राच्या नावावरील संहिता, जयदत्ताचे ‘अश्ववैद्यक’, नकुलाचे ‘अश्वशास्त्र’ ह्या ग्रंथांनी घोड्याचा आहार, ऋतुचर्या, लक्षणे आणि व्याधी यांचा जो विस्तृत विचार केला, त्याचा वारसा सालोत्र्यांच्या घराण्यांतून अव्वल इंग्रजीपर्यंत चालत आला. ह्या वारशाविषयी मला आदर आहे. परंतु आधुनिक संप्रेरकशास्त्राचे बीज ह्या ग्रंथांत शोधून काढण्याचा जो उत्साह अलीकडे दिसतो, त्यात मला सहभागी होता येत नाही. जुन्या वैद्यांनी डोळ्यांनी दिसणारे फार चांगले पाहिले होते. शुक्रजंतू त्यांना दिसण्याचे साधनच नव्हते, आणि जे दिसत नव्हते त्याविषयी ते बहुतांशी मौन राहिले, हे त्यांस भूषणावहच आहे.

१८८६ साली मुंबईस परळ येथे पशुवैद्यकीय महाविद्यालय निघाले आणि जॉन हेन्री स्टील हे त्याचे पहिले प्राचार्य झाले, तेव्हापासून सालोत्र्याची जागा पदवीधर वैद्याने घेतली. त्या काळच्या विद्येचे केंद्र घोडा हेच होते, कारण तोफखाना, रिसाला आणि ट्राम घोड्यावर चालत. नाशिक रोड स्थानकापासून गावात येणारी ट्रामदेखील आरंभी चार घोडेच ओढीत. मात्र लष्करी पशुवैद्यकाला घोडा हवा होता तो ओझे वाहणारा, दमदार आणि आज्ञाधारक, म्हणजे बहुशः आख्ता. खच्ची केलेल्या घोड्याच्या औषधोपचारावर जी विद्या वाढली, तिने त्या औषधाने प्रजननाचे काय होते हा प्रश्न विचारण्याचे कारणच नव्हते. आणि आजही औषधांच्या मात्रा, गुण व दोष ह्यांविषयीची पुष्कळ माहिती आख्त्या घोड्यांवरील व घोडींवरील अनुभवांची सरमिसळ करून सांगितली जाते, ही त्या लष्करी पूर्वेतिहासाची शिल्लक बाकी आहे.

प्रश्न विचारला गेला तो वेगळ्याच दिशेने. १९३४ साली बर्नहार्ड झोंडेक ह्या संशोधकाने असे दाखविले की, स्त्रीत्वाचे संप्रेरक म्हणून ज्याची ख्याती, ते इस्ट्रोजेन निसर्गात विपुल प्रमाणात सापडते ते तरण्याताठ्या घोड्याच्या मूत्रात, आणि त्याचा उगम घोड्याच्या वृषणात आहे. पुढल्याच वर्षी लाकूर यांच्या ॲम्स्टरडॅम येथील प्रयोगशाळेत बैलाच्या वृषणापासून टेस्टोस्टेरोन शुद्ध रूपात वेगळे काढण्यात आले. बुटेनांट आणि रुझिका यांनी ते कृत्रिम रीतीने सिद्ध केले, आणि ह्या दोघांस १९३९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. पुरुषत्व कुपीत बंद करता येते, अशी जी समजूत तेव्हा जगभर पसरली, ती घोड्यांच्या तबेल्यात आजतागायत मुक्कामास आहे. झोंडेकचा शोध मात्र त्या समजुतीला तेव्हाच छेद देत होता. कारण घोड्याच्या प्रजननाचा डोलारा एका द्रव्याच्या आधिक्यावर उभा नसून अनेक द्रव्यांच्या परस्पर नियमनावर उभा आहे, हे त्यातून सूचित होत होते.

हे नियमन थोडक्यात असे. मेंदूच्या तळाशी असलेल्या अधश्चेतकातून एक संप्रेरक झिरपते. त्याच्या चेतनेने पीयूषिका ग्रंथी दोन संप्रेरके रक्तात सोडते. त्यांपैकी एकाने वृषणात टेस्टोस्टेरोन निर्माण होते आणि दुसरे शुक्रजंतूंच्या पोषक पेशींस कार्यरत ठेवते. रक्तातील टेस्टोस्टेरोन वाढले की ती वार्ता मेंदूस पोचते आणि वरची चेतना आटोपती घेतली जाते. आता बाहेरून टेस्टोस्टेरोन किंवा त्याच्या जातीचे द्रव्य टोचले, तर मेंदूस तोच निरोप मिळतो, वृषणाचे काम मंदावते, आणि शुक्रजंतूंच्या घडणीस वृषणाच्या आतल्या आत जे अतिशय दाट टेस्टोस्टेरोन लागते, ते बाहेरच्या सुईने कधीच भरून निघत नाही. घोडा रगेल दिसतो, मान फुगते, तो खिंकाळतो, घोडीकडे धावतो. आणि त्याच काळात त्याचे वृषण आकुंचित होत असतात.

बोल्डेनोन, नँड्रोलोन, स्टॅनोझोलोल ही पुष्टिकारक स्टिरॉइडे ह्याच कुळातील. १९८० च्या आगेमागे कोलोरॅडो स्टेट विद्यापीठातील संशोधकांनी तरुण घोड्यांस ह्या कुळातील द्रव्ये देऊन जे निरीक्षण केले, त्यात वृषणांचा आकार घटला, शुक्रजंतूंची पैदास घटली आणि त्यांची गतीही मंदावली. औषध थांबविल्यावर बहुधा सुधारणा होते, पण ती महिन्यांच्या हिशेबाने होते, आणि वयात येण्यापूर्वी ज्याला ही द्रव्ये दिली गेली त्याच्याविषयी निःशंक राहता येत नाही. हा प्रश्न केवळ विद्वानांचा राहिला नाही. २००८ साली अमेरिकेत केंटकी डर्बी जिंकणाऱ्या ‘बिग ब्राउन’ ह्या घोड्यास स्टॅनोझोलोल दिले जात असल्याचे त्याच्या प्रशिक्षकाने उघडपणे सांगितले. तेव्हा तेथे ते बेकायदा नव्हते, आणि त्यानंतर उठलेल्या गदारोळामुळे तेथील नियम झपाट्याने कडक झाले. २०१३ साली इंग्लंडात न्यूमार्केट येथे गोडॉल्फिनच्या तबेल्यातील घोड्यांत स्टिरॉइडे सापडली आणि प्रशिक्षकास आठ वर्षांची बंदी झाली. शर्यतीच्या निर्णायकांस चिंता असते ती स्पर्धा निखळ असावी ह्याची. परंतु शर्यतीतून निवृत्त होणारा यशस्वी घोडा लागलीच पैदाशीस जातो, सबब मैदानावरच्या औषधाचा भुर्दंड पैदाशीच्या पागेवर पडतो. आपल्याकडे पुण्यामुंबईच्या शर्यतींची सूत्रे हाती असलेल्या रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लबच्या आश्रयाखालीच भारतीय थरोब्रेड घोड्यांच्या वंशावळीचे दप्तरही पुण्यास ठेवले जाते, हा योगायोग मला फार उपयोगी वाटतो. ह्या दोन दप्तरांच्या मध्ये औषधाचे तिसरे दप्तर उघडण्यास फारशी भिंत पाडावी लागणार नाही.

ह्याहून शोचनीय प्रकार म्हणजे घोडा मंद आहे, घोडीवर जावयास नाखूष आहे, म्हणून त्याला टेस्टोस्टेरोनच टोचण्याचा. जो दोष दूर करावयाचा त्याचेच पोषण करणारा हा उपाय इतका स्वाभाविक भासतो, की तो सुचविणाऱ्यास खेडवळ म्हणून हसण्याचे कारण नाही; सुशिक्षित मालकही त्याच मार्गाने जातात. नाखुशीचे मूळ पुष्कळदा वृषणात नसते, मनात असते, कंबरेत असते, मागच्या पायाच्या सांध्यात असते. पेनसिल्व्हेनियातील न्यू बोल्टन सेंटरमध्ये स्यू मॅक्‌डोनेल यांनी अश्वांच्या वर्तनाचा जो अभ्यास चालविला, त्याचे महत्त्व येथे आहे. मारहाणीने किंवा अपघाताने भेदरलेल्या घोड्यास भीती कमी करणारे सौम्य औषध दिल्यावर तो पुन्हा कामास लागतो, हे त्यांनी दाखविले. उलट एका जंतुघ्न औषधांच्या जोडीचा वीर्यावर काही परिणाम झाला नसतानाही, घोड्याच्या चढण्याच्या आणि स्खलनाच्या हालचालींत विसंगती येते, हेही त्यांच्या अभ्यासात दिसून आले. शुक्रजंतू मोजणाऱ्या संप्रदायास ही गोष्ट कधीच सापडली नसती.

त्या संप्रदायाचे ऋण मात्र मोठे आहे. वीर्य मोजावे, त्याची गती पाहावी, विकृत शुक्रजंतूंचे प्रमाण काढावे, आणि तासाभराच्या अंतराने दोनदा वीर्य घेऊन दुसऱ्या खेपेस किमान १०० कोटी निर्दोष व गतिमान शुक्रजंतू मिळाले तर घोडा पैदाशीस पात्र समजावा, हा १९८३ साली अमेरिकेतील पशुप्रजननवैद्यांच्या संस्थेने रूढ केलेला मापदंड नसता, तर औषधाने नुकसान झाले की नाही हा वाद अनंतकाळ चालला असता. ह्या दोन संप्रदायांत जी स्पर्धा दिसते, तीत मी कोणाची बाजू घेणार नाही; एवढेच म्हणेन की आपल्या प्रदेशात वर्तनाच्या संप्रदायास अधिक ऐकून घेण्याची गरज आहे, कारण त्याला सूक्ष्मदर्शक लागत नाही, डोळस मोतद्दार पुरतो.

गुंगीच्या औषधांची कथा वेगळ्या जातीची. ॲसिप्रोमॅझिन आणि त्याच्या वर्गातील औषधे घोड्यास शांत करतात; नाल ठोकताना, गाडीत चढवताना, जखम शिवताना ती सर्रास वापरली जातात; आणि विक्रीपूर्वी तापट जनावर गरीब दिसावे म्हणून ती टोचण्याची लबाडी जगातील घोडेबाजारांस अपरिचित नाही. ह्या औषधाने शिश्न आत ओढून धरणारा स्नायू सैल पडतो. एरवी काही तासांत ते पूर्ववत होते. पण क्वचित ते बाहेरच लोंबत राहते, त्यास सूज चढते, सुजेच्या भाराने नसांना इजा होते, आणि पक्षाघात झाला म्हणजे जो घोडा सकाळी लाखमोलाचा होता तो पैदाशीच्या दृष्टीने कायमचा बाद होतो. येथे दोन महिन्यांची मुदत नाही, दोन दिवसांचीही नाही. धोका विरळा आहे हे खरे, पण भरपाई नसलेल्या धोक्याचे मोजमाप विरळपणावरून करू नये; पैदाशीच्या घोड्यास हे औषध टाळावे, दुसरी औषधे उपलब्ध आहेत, ह्या मताशी ह्या ग्रंथातील सर्व लेखक सहमत आहेत.

ज्या औषधांचा हेतूच प्रजनन थोपविणे हा असतो, त्यांच्यासंबंधी तक्रार करण्यात अर्थ नाही. पण त्यांचे प्रकरण मला सर्वांत मनोवेधक वाटते. अल्ट्रेनोजेस्ट हे घोडींच्या माजाचे नियमन करणारे औषध, दंगेखोर घोड्यांस थंड करण्यासाठीही वापरले जाते. त्याने कामेच्छा, टेस्टोस्टेरोन आणि शुक्रजंतू तिन्ही उतरणीस लागतात. अधश्चेतकाच्या संप्रेरकाविरुद्ध शरीरातच प्रतिद्रव्ये उत्पन्न करणारी लस तर शस्त्रावाचून केलेले, आणि बहुतेक वेळा परतण्याजोगे, खच्चीकरण होय. बहुतेक वेळा हे शब्द मी मुद्दाम घातले आहेत, कारण परत येण्याचा काळ घोड्यागणिक भिन्न असतो आणि कोवळ्या वयात ती दिल्यास खात्री देता येत नाही. परंतु ह्याच लसीचा एक विलक्षण उपयोग आहे. अश्वांच्या धमनीदाहाचा विषाणू, ज्याच्या १९८४ मधील केंटकीतील साथीने अमेरिकन पैदासकारांची झोप उडविली, तो रोग बरा झाल्यावरही काही नर घोड्यांच्या जननेंद्रियांत वर्षानुवर्षे दबा धरून राहतो आणि वीर्याबरोबर घोडींस लागत राहतो. घोडी किंवा आख्ता यांच्या शरीरात मात्र तो असा टिकत नाही. त्याचे वास्तव्य टेस्टोस्टेरोनवर अवलंबून आहे. म्हणून घोड्याचे पुरुषत्व काही काळ निजवून ठेवल्यास विषाणूचा आश्रय सुटतो, आणि पुढे घोडा जागा झाला तर निर्मळ जागा होण्याची आशा करता येते. जे औषध एके ठिकाणी अपाय म्हणून नोंदवावयाचे, तेच दुसऱ्या ठिकाणी उपाय म्हणून मांडावे लागते. ह्या शास्त्रात औषधांची काळी आणि पांढरी अशी फेरिस्त करता येत नाही, ती ह्यामुळे.

सर्वसाधारण रोगांवरील औषधांबद्दल लोकांत जी भीती आहे, ती पुष्कळशी अनाठायी आहे. जंतांवरील आयव्हरमेक्टिनने घोड्याच्या प्रजननास बाध येत असल्याचे परीक्षणांत आढळलेले नाही. येथे खरी अडचण निराळीच आहे. घोड्यास सर्रा झाला, ताप चढला, उतरला, पुन्हा चढला, क्विनापायरामीन टोचले, घोडा वाचला, आणि दोन महिन्यांनी त्याच्या घोड्या रिकाम्या राहू लागल्या. आता दोष औषधाचा की तापाचा? वृषण शरीराच्या उष्णतेपेक्षा काही अंश थंड राहिले तरच त्यांचे काम चालते, आणि दीर्घ ज्वराने शुक्रजंतूंच्या घडणीची नासाडी होते, हे सुविदित आहे. मालक मात्र सुई आठवतो, ताप विसरतो, आणि पुढल्या वेळी औषध देण्यास कचरतो. त्या कचरण्यात घोडा दगावतो. औषधाच्या अपायाची चर्चा करणाऱ्या ग्रंथाने औषध न देण्याचा अपायही तितक्याच ठळकपणे सांगितला पाहिजे, असा माझा आग्रह होता.

स्वच्छतेच्या अतिरेकाचाही असाच प्रकार. १९७७ साली न्यूमार्केटला घोड्यांच्या गर्भाशयदाहाची नवी साथ उद्भवली, तेव्हापासून पैदाशीच्या घोड्यास जंतुनाशकाने धुण्याची चाल पडली. वाहक घोड्याच्या उपचारात ती आवश्यकच आहे. परंतु निरोगी घोड्यास प्रत्येक खेपेस तीव्र जंतुनाशकाने धुतले, तर त्वचेवरील निरुपद्रवी जीवाणूंची वस्ती उठते आणि मोकळ्या झालेल्या जागी स्यूडोमोनास, क्लेब्सिएला असे चिवट उपद्रवी येऊन बसतात. कोमट पाणी पुरते.

हा विषय आताच का मांडावा, याची कैफियत देणे अवश्य आहे. २०१९ च्या पशुगणनेत देशातील घोडे आणि तट्टे मिळून साडेतीन लाखांच्याही आत भरली. २०१२ च्या गणनेपेक्षा ही संख्या जवळजवळ निम्म्यावर आलेली आहे. ज्यांची नावे महाराष्ट्रगीतामुळे शाळकरी मुलांच्याही तोंडी आहेत, त्या भीमेच्या काठच्या तट्टांस भीमथडी ह्या नावाने स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय मान्यता मिळाली ती २०२४ च्या आरंभी, म्हणजे पानिपतानंतर अडीचशेहून अधिक वर्षांनी. आणि ही जात टिकविण्याचा भार धनगर व इतर भटक्या पशुपालकांच्या कळपांतील मोजक्या नरांवर आहे. जेथे शेकडो नर आहेत तेथे एखाद्याचा हंगाम वाया गेला तर तो त्या मालकाचा तोटा. जेथे नरच मोजके आहेत तेथे तो वंशाचा तोटा. थरोब्रेडांत कृत्रिम रेतनास मुळीच मान्यता नाही, प्रत्यक्ष संयोगच व्हावा लागतो. तेथे एका घोड्याच्या दौर्बल्याचा बोजा एका हंगामात अनेक घोडींवर पडतो. देशी जातींसाठी हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राने गोठविलेल्या वीर्याचे तंत्र हाती घेतले आहे. पण औषधाने दुबळे झालेले वीर्य थंडाव्याने सबळ होत नाही, गोठविल्याने त्याचे दौर्बल्य मात्र दुणावते.

नाशिककरास आणखी एका कारणाने हा विषय परका वाटू नये. अंजनेरीच्या कड्यांवरील गिधाडे ज्यांनी पूर्वी पाहिली आणि आज पाहतात, त्यांना डायक्लोफेनॅक हे नाव ठाऊक आहे. जनावरांच्या वेदना शमविण्यासाठी दिलेले ते औषध मृत जनावराच्या मांसातून गिधाडांच्या मूत्रपिंडांत पोचले आणि देशभर त्यांचा संहार झाला. २००६ साली पशुवैद्यकात त्याच्या वापरावर बंदी आली. औषध ज्याच्यासाठी दिले त्याच्याच ठायी त्याचा प्रवास संपत नाही, हे आपल्या जिल्ह्याने डोंगरकड्यांवर पाहिलेले आहे.

परदेशी संशोधन जसेच्या तसे उचलून येथे लागू करण्याविरुद्ध एक सावधगिरीची सूचना ह्या ग्रंथात वारंवार आढळेल, तिचे कारण सांगतो. घोडा हा दीर्घ दिवसांत माजणारा प्राणी. थंड प्रदेशांत हिवाळ्यात त्याची शुक्रजंतूंची पैदास उन्हाळ्याच्या मानाने निम्म्यावर येते, आणि तेथील औषधपरीक्षणे ह्या चढउताराचा मेळ घालून वाचावी लागतात. कोलोरॅडो ४० अक्षांशांवर, नाशिक २० अक्षांशांवर. आपल्याकडे सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या दिवसांत अडीच तासांचेही अंतर नसते. उलट एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिसाकडे झुकतो, तेव्हा पत्र्याच्या छपराखाली बांधलेल्या घोड्याच्या वृषणास जो ताप सोसावा लागतो त्याची कल्पना त्या परीक्षणांत नाही. चैत्रात दिलेल्या औषधाचा दोष ज्येष्ठात शोधणाऱ्याने मधल्या वैशाखास विसरून कसे चालेल?

ह्या संग्रहातील लेखांची मांडणी औषधांच्या वर्णानुक्रमाने केलेली नाही, काही वाचकांस ती गैरसोय वाटेल. अंमल चढण्यास लागणारा काळ हे येथे वर्गीकरणाचे तत्त्व आहे: तासांत दिसणारे परिणाम आधी, आठवड्यांत दिसणारे मागाहून, दोन महिन्यांनी दिसणारे त्यानंतर, आणि परत न फिरणारे शेवटी. वैद्यांसाठी मात्रांचे तपशील आहेत. मालकाने आणि मोतद्दाराने ते ओलांडून पुढे जावे, कारण औषधाची निवड आणि मात्रा हे वैद्याचेच काम आहे आणि ह्या पुस्तकाच्या आधारे कोणी स्वतः सुई हाती घेऊ नये. पारिभाषिक शब्दांच्या बाबतीत तबेल्यात रूढ असलेला शब्द मिळाला तेथे तो घेतला, संस्कृत शब्द केवळ निरुपाय झाला तेथे. खेचरे आणि गाढवे यांचा विचार येथे नाही. चारा, सरकी, जीवनसत्त्वे आणि वाजीकरणाची म्हणून विकली जाणारी चूर्णे यांचाही नाही. शेवटच्या बाबीवर लिहिण्याजोगे पुष्कळ आहे, पण त्यासाठी रसायनपरीक्षेची जी सामग्री लागते ती ह्या लेखकांपाशी नव्हती, आणि तर्काने पाने भरणे आम्हांस प्रशस्त वाटले नाही.

पुस्तकाच्या अखेरीस एका नोंदवहीचा कोरा नमुना छापला आहे. त्यात तारीख, औषधाचे नाव, मात्रा, देण्याचे कारण, देणाऱ्याची सही, त्या दिवशीचा ताप, आणि पुढील ७० दिवसांत भरविलेल्या घोड्या व त्यांचे फळ, असे रकाने आहेत. ताप हा रकाना प्रथम नव्हता. सर्र्यावरील लेख वाचल्यावर तो घालण्यात आला. नमुना ज्यास हवा त्याने फाडून न्यावा, हवा तसा बदलावा आणि घोडा विकताना तो भरलेला कागद गिऱ्हाइकाच्या हाती द्यावा. तेवढ्यासाठी ती पाने शिवणीबाहेर ठेवली आहेत.

नाशिक